डोंग्यातील मासळी आणि विजेची शीतपेटी
(इयत्ता सहावी ते आठवी : सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

वैशाख महिन्यात वैनगंगेच्या काठची वाळू सकाळी दहा वाजण्यापूर्वीच पायास चटके देऊ लागते. पहाटेच्या अंधारात जाळे उचलण्यासाठी गेलेला ढिवर डोंगा काठास लावून बाजाराच्या गावी पोहोचतो, तोपर्यंत सूर्य माथ्याकडे आलेला असतो. बाजारात व्यापारी प्रथम माशाचे कल्ले उघडून पाहतो, मग पाठीवर बोट दाबतो. कल्ले लाल असले आणि दाबलेला खळगा लगेच भरून आला, तर भाव मिळतो. कल्ले फिकट पडले असतील आणि बोटाची खूण तशीच राहिली असेल, तर तोच मासा मिळेल त्या किमतीस द्यावा लागतो. पाण्यातून निघताना दोन्ही मासे सारखेच होते. मधल्या पाच-सहा तासांत जे घडले, त्याचा हा पाठ आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने बांधलेले तलाव, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागलेले हे जलाशय आजही धानास पाणी आणि ढिवरांस मासळी देतात. त्यांत पवनीजवळ वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाची भर पडली आहे. रोहू, कतला, मृगळ, मरळ, झिंगे ही नावे नदीकाठच्या शाळेतील मुलांस पाठ्यपुस्तकातून शिकवावी लागत नाहीत. कित्येकदा शिक्षकापेक्षा मुलांसच ती अधिक ठाऊक असतात, आणि पाठाच्या आरंभी शिक्षकाने हे मोकळेपणाने कबूल केल्यास वर्गाचे लक्ष वेधून घेण्यास दुसरे साधन लागत नाही.

अशा वर्गात एखादा विद्यार्थी उठून विचारील : "गुरुजी, बाबा डोंग्यात ठेवायला विजेची थंड पेटी घ्यायची म्हणतात. बॅटरीवर चालते म्हणे. घ्यावी का?"

या प्रश्नास शिक्षकाने होय किंवा नाही असे उत्तर देऊ नये. "घ्यावी की नाही ते मी सांगणार नाही, बाळ. आपण सारे मिळून हिशेब मांडू, तू तो घरी नेऊन बाबांना दाखव," एवढेच म्हणावे. एका कुटुंबाची वर्षभराची शिल्लक या पेटीत जाणार असते, कदाचित कर्जही काढावे लागते. असे उदाहरण सोडविताना वर्गातील मुले जितकी दक्ष राहतात, तितकी हौदाच्या तोट्यांच्या उदाहरणात कधीच राहत नाहीत.

प्रथम मासा नासतो कशाने, हे स्पष्ट करावे. मासा मेला म्हणजे त्याच्या अंगातील पाचक रस थांबत नाहीत. ते आता त्याच्याच मांसावर काम करू लागतात. कातडीवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे सूक्ष्म जंतू, ज्यांस जिवंतपणी अटकाव होता, ते मोकळे होऊन वाढू लागतात. या दोन्ही क्रिया उष्णतेने वेग घेतात व थंडीने मंदावतात. बर्फाच्या तापमानास, म्हणजे ० अंश सेल्सिअसला, जो बिघाड एका दिवसात होतो, तो ५ अंशांवर सुमारे सव्वादोन पट आणि १० अंशांवर सुमारे चौपट वेगाने होतो. बर्फात नीट ठेवलेली गोड्या पाण्यातील मासळी आठवड्याहून अधिक काळ टिकते. वैशाखाच्या उन्हात तिला काही तासांचेच आयुष्य असते. यावरून मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की "थोडे गार" आणि "बर्फाइतके गार" यांतील अंतर लहान नाही. पुढील सर्व हिशेब या एका भेदावर उभा आहे.

यानंतर एक प्रयोग करावा. आठवडी बाजारातील गोळेवाल्याकडून बर्फ आणून त्याचे सारख्या वजनाचे तीन तुकडे करावेत. एक तुकडा पितळी गडव्यात ठेवावा; पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याची ख्याती असल्याने तो मिळण्यास अडचण पडू नये. दुसरा गोणपाटात गुंडाळावा. तिसरा लाकडी खोक्यात धानाच्या तुसामध्ये चोहोबाजूंनी दाबून ठेवावा. कोणता आधी वितळेल, याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावा. काही मुले हमखास असे लिहितात की तूस गरम असते, म्हणून त्यातील बर्फ आधी वितळेल. थंडीच्या दिवसांत तुसाजवळ ऊब लागते, हा त्यांचा अनुभव असतो. प्रयोगाचे फळ पाहून त्यांस कळते की तूस गरमही नाही आणि थंडही नाही. ते उष्णतेस वाट देत नाही, इतकेच. उष्णतेचा दुर्वाहक हा शब्द आता सांगावा, आधी सांगू नये.

या ठिकाणी इतिहासातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याने १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्यास जहाजातून बर्फ पाठविला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा तो बर्फ, सुमारे १८० टन, लाकडाच्या भुशात रचलेला होता. चार महिन्यांच्या प्रवासात जहाजाने विषुववृत्त दोनदा ओलांडले, आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्यास सुखरूप उतरला. यंत्र नव्हते, वीज नव्हती, भुसा होता. आपल्या गिरणीबाहेर तुसाचे जे ढीग पडलेले असतात, त्यांच्याकडे मुलांनी या दृष्टीने पाहावे.

आता गणित. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. माशाच्या अंगी बरेच पाणी असले तरी ते सर्वस्वी पाणी नव्हे. त्यासाठी हा आकडा सुमारे ०.८ धरावा. नदीच्या पाण्यातून निघालेला १० किलो मासा ३० अंशांवर आहे असे समजू. तो ० अंशापर्यंत आणण्यास

१० × ०.८ × ३० = २४० किलोकॅलरी

इतकी उष्णता त्यातून काढून घेतली पाहिजे. १ किलो बर्फ केवळ वितळताना, स्वतःचे तापमान यत्किंचितही न बदलता, ८० किलोकॅलरी गिळतो. हीच त्याची अप्रकट उष्णता. २४० भागिले ८०, म्हणजे ३ किलो बर्फ. हे झाले मासळी थंड करण्यापुरते. परंतु पेटीच्या भिंतींतून बाहेरची उष्णता आत झिरपत राहते. ३ सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलची, ३० लिटरची पेटी ४२ अंशांच्या हवेत ठेवल्यास गणिताने ताशी सुमारे २७ किलोकॅलरी उष्णता आत येते. म्हणजे दर तीन तासांस १ किलो बर्फ खर्ची पडतो. सहा तासांचे २ किलो. एकूण ५ किलो. झाकण वारंवार उघडले, किंवा पेटी उन्हात राहिली, तर याहून अधिक. म्हणून जाणते लोक मासळीच्या निम्म्याने तरी आणि उन्हाळ्यात शक्य तर बरोबरीने बर्फ घ्यावा असे सांगतात, त्यात अतिशयोक्ती नाही, हे मुलांस स्वतःच्या भागाकारानेच पटेल.

विजेच्या पेटीकडे वळण्यापूर्वी तिच्या दोन जाती आहेत हे सांगणे अवश्य आहे, कारण दुकानात दोन्ही शेजारीशेजारी मांडलेल्या असतात आणि बाहेरून फारसा फरक दिसत नाही. पहिलीत फिरणारे यंत्र नसते, केवळ लहान पंखा असतो. जाँ पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने, जो आधी घड्याळजी होता, १८३४ साली असे पाहिले की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहू दिली असता एक सांधा थंड होतो आणि दुसरा तापतो. चार वर्षांनी लेंझ या शास्त्रज्ञाने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो गोठवून दाखविला, आणि विजेची दिशा उलटी करून तोच थेंब पुन्हा वितळविला. पहिल्या जातीच्या पेटीत हेच तत्त्व, धातूंऐवजी अर्धवाहक पदार्थ योजून, वापरलेले असते. दुसऱ्या जातीची पेटी म्हणजे घरच्या फ्रिजचेच धाकटे भावंड. तिच्यात कॉम्प्रेसर असतो. वायू दाबून त्याचा द्रव करावयाचा, तो द्रव आतील नळीत पुन्हा वायुरूप होऊ द्यावयाचा, व तसे होताना त्याने आतील उष्णता ओढून न्यावयाची.

पहिली स्वस्त असते, आणि फसगत तेथेच होते. ती भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. युरोपातील २२ अंशांच्या उन्हाळ्यात ती सरबताची बाटली ५ अंशांवर ठेवील. भंडाऱ्याच्या ४४ अंशांच्या दुपारी मात्र तिच्या आतील तापमान २४ अंशांच्या खाली जाणार नाही. २४ अंश हे पाणी पिण्यास सुखद, मासळीस निरुपयोगी. पेटीत दोष काहीच नसतो. ती ज्या हवेसाठी बनविली त्या हवेत ती ठेवलेली नसते, इतकेच.

दुसऱ्या जातीची पेटी शून्यापर्यंत आणि त्याहूनही खाली जाऊ शकते. परंतु किती वेळात? २४० किलोकॅलरी म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे २८० वॅट-तास. ४५ वॅटवर चालणारी लहान कॉम्प्रेसर पेटी उन्हाळ्यात ताशी साधारण ६० वॅट-तास उष्णता बाहेर टाकू शकते असे धरू. (खर्चापेक्षा काम अधिक कसे, असे एखादा हुशार मुलगा विचारील. यंत्र उष्णता उत्पन्न करीत नाही, एका जागेहून दुसरीकडे वाहून नेते. हमाल स्वतःच्या वजनापेक्षा जड पोते उचलतो, तसेच हे.) त्या ६० पैकी सरासरी २० भिंतींतून झिरपणाऱ्या उष्णतेपायी जातात. उरले ४०. २८० भागिले ४०, म्हणजे ७ तास. मासा सकाळी सहाला पेटीत घातला तर तो पुरता थंड होण्यास दुपारचा एक वाजेल. तोवर बाजार उठलेला असतो. हीच मासळी कुटलेल्या बर्फाच्या थरांत घातली, तर लहान मासे तासाभरात आणि मोठे दोन-तीन तासांत गार होतात, कारण वितळणारे पाणी प्रत्येक माशाच्या अंगास भिडून उष्णता घेत असते. पेटीतील थंड हवेस ते साधत नाही.

आता बॅटरी. ४५ वॅट, ७ तास, म्हणजे ३१५ वॅट-तास. शिसे व आम्ल यांची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य लवकर संपते, म्हणून ६३० वॅट-तासांची हवी. १२ व्होल्टने भागल्यास सुमारे ५२ अँपिअर-तास. मोटारसायकलची ७ अँपिअर-तासांची बॅटरी या कामास पुरणार नाही. मोटारीस लागते तेवढी मोठी, सुमारे १५ ते १७ किलो वजनाची बॅटरी लागेल. पेटी धरून जवळजवळ ३० किलो. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी त्याच कामास एकतृतीयांश वजनाची मिळते, पण तिची किंमत अधिक असते. थर्माकोलची पेटी आणि ५ किलो बर्फ यांचे वजन ७ किलोच्या आत भरते.

यावर मुले उत्साहाने म्हणतील की ३० किलोने डोंगा बुडेल. येथे शिक्षकाने घाई करू नये, तेही मोजावे. डोंग्याचे पाण्यालगतचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरल्यास ३० किलो वजनासाठी त्याने ३० लिटर पाणी सारले पाहिजे. ३०,००० घनसेंटिमीटर भागिले २०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे डोंगा अवघा दीड सेंटिमीटर खाली जाईल. आर्किमिडीज येथे भिववीत नाही. भय आहे ते कलण्याचे. अरुंद डोंग्यात जड वस्तू उंचावर ठेवली, किंवा ती न बांधता ठेवली आणि जाळे ओढताना एका कडेस घसरली, तर काठ पाण्याखाली जाण्यास एक क्षण पुरे होतो. म्हणून बॅटरी असो वा बर्फपेटी, ती तळाशी, मध्यभागी आणि दोरीने बांधलेली असावी, आणि कोणीही तिच्यावर बसू नये. अंगावर तरंगजाकीट नसेल तर बाकीच्या सर्व दक्षतेस फारसा अर्थ उरत नाही, हेही याच वेळी सांगून टाकावे.

ज्या घरी अशी पेटी आधीच आलेली असेल, त्या घरच्या मुलास नाउमेद करू नये. ती शहाणपणाने वापरण्याची रीत सांगावी. पेटीचे काम थंड राखणे आहे, थंड करणे नव्हे. रात्री घरच्या विजेवर ती रिकामीच गार करून ठेवावी. मासळी आधी बर्फात गार करावी, मग बर्फासह पेटीत ठेवावी. अशा वेळी यंत्रास केवळ भिंतींतून येणाऱ्या उष्णतेशी झगडावयाचे असल्याने ते निम्मा वेळच चालते, आणि सहा तासांस २४ अँपिअर-तासांची लहान बॅटरी भागू शकते. पेटीच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते; त्या जाळीवर जाळे, कपडा वा टोपले ठेवल्यास यंत्राचा जीव गुदमरतो. बॅटरीच्या अगदी जवळ तारेत फ्यूज असावा. तार जाड असावी : पाऊण चौरस मिलिमीटरची ५ मीटर लांब दुपदरी तार ४ अँपिअर विजेस जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खाते, आणि बॅटरी भरलेली असूनही यंत्र ती संपली असे समजून बंद पडते. पुष्कळ लोक अशा वेळी पेटीस दोष देतात. बॅटरी घरात भारताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो, म्हणून चुलीजवळ व बंद खोलीत ती भारू नये. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टची वीज उघड्या डोंग्यात कदापि नेऊ नये; ओल्या अंगास तिचा झटका प्राणघातक ठरतो.

सौर तावदानाचा प्रश्नही निघेल. १०० वॅटचे तावदान सुमारे एक मीटर लांब आणि अर्धा मीटरहून थोडे अधिक रुंद असते. ते डोंग्यात ठेवल्यास जाळे ओढण्यास जागा उरत नाही, आणि मासेमारी होते पहाटे, जेव्हा सूर्य उगवलेला नसतो. काठावर, संस्थेच्या शेडवर ते उत्तम शोभेल.

वीज नसताना थंडी किती दूर नेता येते, याचे एक उदाहरण प्रत्येक गावाच्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. पोलिओ लसीकरणाच्या रविवारी परिचारिका खांद्यास निळी किंवा पांढरी पेटी लटकावून येत असे. तिच्यात बॅटरी नव्हती. गोठविलेल्या पाण्याच्या चार चपट्या बाटल्या आणि जाड भिंती, इतकेच होते. पावसाळ्यात नाल्यापलीकडील वस्तीवर ती पेटी होडीतूनही गेली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या कामाचा मोठा भार अशा पेट्यांनी वाहिला. आजही लसी अशाच पेट्यांतून जातात. शाळेजवळच्या उपकेंद्रातून रिकामी पेटी पाहावयास मिळाल्यास तिच्या भिंतीची जाडी मुलांकडून अवश्य मोजवून घ्यावी.

बर्फ मिळालाच नाही तर? भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत ओले गोणपाट बरेच काम करते. हे दाखविण्यास दोन तापमापक पुरेत : एकाच्या फुग्यास ओली चिंधी गुंडाळावी, दुसरा कोरडा ठेवावा, दोन्ही सावलीत टांगावेत. ओला तापमापक दहा-पंधरा अंश खाली दाखवील. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. परंतु हाच प्रयोग श्रावणात केला तर अंतर दोन-तीन अंशांचेच राहते, म्हणून तो दोन्ही ऋतूंत करावा. ओल्या गोणपाटाने मासळी सूर्यापासून वाचते, बर्फाची बरोबरी होत नाही. तासभराची वाट असेल तर ते ठीक, दूरच्या बाजारास नव्हे.

बर्फ भरण्याची रीत फळ्यावर आकृती काढून दाखवावी. तळाशी कुटलेल्या बर्फाचा थर, त्यावर मासळीचा, पुन्हा बर्फाचा, आणि सर्वांत वर बर्फच. मासा आधी स्वच्छ पाण्याने धुवावा. मोठ्या माशाचे पोट काढता आल्यास उत्तम, कारण बिघाडाचे बीज तेथेच अधिक असते. वितळलेले पाणी वाहून जाण्यास तळाशी छिद्र व बूच हवे, नाही तर खालची मासळी रक्तमिश्रित पाण्यात भिजत राहते. बर्फ स्वच्छ पाण्याचाच असावा. गाळलेल्या पाण्याचा बर्फ आणि डबक्यातील पाण्याचा बर्फ सारखाच थंड असतो, पण दुसरा जंतू घेऊन येतो.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकल व सायकल यांस अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली : सर्वसाधारण लाभार्थ्यास खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व महिलांस ६० टक्के. असा लाभ सध्या मिळतो का, याची चौकशी पालकांनी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत किंवा जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी, असा निरोप मुलांबरोबर पाठविण्यास हरकत नाही.

पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलाने वहीत आपल्या घरचा हिशेब मांडावा. ज्याच्या घरी मासेमारी नाही, त्याने दूध, भाजी किंवा फुले घ्यावीत. मासळी किती किलो, काठापासून बाजार किती तासांच्या वाटेवर, बर्फ कोठे मिळतो आणि किती रुपयांस, पेटीच्या भिंतीची जाडी किती, हे घरी विचारून लिहावे. बर्फाचा एका हंगामाचा खर्च आणि विजेच्या पेटीची किंमत शेजारीशेजारी मांडावी. काही घरांत, विशेषतः जेथे बर्फाचा कारखाना फार दूर आहे आणि काठावर वीज आहे, तेथे उत्तर विजेच्या बाजूने येईल. तसे आल्यास ते खोडू नये. पेटी डोंग्यात न ठेवता काठावर ठेवली तर आकडे कसे बदलतील, एवढाच प्रश्न त्याच्या वहीत खाली लिहून द्यावा.